कंसातली नावं

माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली उतरवला तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती. घरातल्या सूनबाईंनी पदरानं काठ पुसला आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसायला लागली. जुन्या भांड्यांवर असतात तशीच. आधी 'चि. सौ. कां.', मग एक नाव, मग 'हिचे विवाहाप्रीत्यर्थ मामांकडून' आणि साल १९७१.

"आत्यांच्या लग्नातला आहे," सूनबाई म्हणाल्या. "सासरी न्यायचा राहिला तो राहिलाच."

"आत्या म्हणजे?"

"सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. कराडकडं दिल्यात."

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या घराची फाईल होती. चार महिने गोळा केलेले कागद. मालमत्ता पत्रक, १९५८ चं खरेदीखत, बँकेच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट, घरपट्टीच्या पावत्या, इसारपावती. ते सगळे मी इतक्या वेळा वाचले होते की क्रमांक तोंडपाठ झाले होते. त्यातल्या एकाही कागदावर हंड्यावरचं नाव नव्हतं.

ही २०१९ ची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हे घर होतं. गावाचं नाव घेत नाही, कारण गाव लहान आहे आणि ही माणसं अजून तिथंच राहतात. पुण्यातला फ्लॅट मुलीला द्यायचा आणि ह्यांच्या निवृत्तीनंतर नदीकाठच्या गावात राहायचं, असं आम्ही बरीच वर्षं बोलत होतो. बोलणं वेगळं आणि घर शोधणं वेगळं. या घराआधी दोन घरं हातची सोडावी लागली. एकाची जमीन भोगवटादार वर्ग २ ची निघाली, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकताच येत नाही. दुसऱ्याचे मालक तर फक्त कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत, म्हणजे विकण्याचा नुसता करार, घेऊन बसले होते. पैसे पूर्ण दिलेले, ताबा वीस वर्षांचा, पण खरेदीखत झालेलंच नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्टच सांगितलं आहे. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. स्वतःच्या घराचे आपण मालक नाही, हे त्याला गिऱ्हाईक आल्यावर कळलं.

त्यामुळे हे तिसरं घर आलं तेव्हा आम्ही कागद आधी मागितले आणि घर नंतर पाहिलं. पाहिलं आणि जीव जडला. रस्त्यावर दिंडी दरवाजा, आत सोपा, मग माजघर, मागं परस आणि परसात आड. वर मंगळुरी कौलं. माजघराच्या तुळयांना धुरानं आलेला तो काळा तुकतुकीत रंग, जो कुठल्याही पॉलिशनं येत नाही. क्षेत्र १४८ चौरस मीटर. किंमत ३६ लाख ठरली. विकणारे होते दोघे भाऊ, आणि वारलेल्या तिसऱ्या भावाची बायको व मुलगा. थोरल्या भावाला सगळं गाव अण्णा म्हणायचं, आम्हीही म्हणायला लागलो. माणूस सरळ. इसाराचे दोन लाख घेताना त्यांनी आधी देवापुढं ठेवले आणि मग पावतीवर सही केली.

बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेऊन रिपोर्ट दिला होता: मिळकत निर्वेध, बोजारहित आणि विक्रीयोग्य. त्यावर आम्ही निश्चिंत होतो.

हंडा पाहून परतताना मी एसटीत बसून मालमत्ता पत्रक पुन्हा उघडलं. हे पत्रक ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शहरातल्या, गावठाणातल्या जागेचा हा सातबारा. वर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, हक्काचा मूळ धारक. खाली एक तक्ता, त्यात तारीखवार झालेले व्यवहार. आमच्या पत्रकावर मूळ धारक म्हणून अण्णांचे वडील. पुढच्या ओळीत १९८३ सालची नोंद: मूळ धारक मयत, अर्ज व जबाबावरून वारसाने नावे दाखल. आणि समोर 'धा' या अक्षराखाली तीन नावं. तीन मुलगे.

वडिलांची बायको तेव्हा हयात होती, तिचं नाव नव्हतं. मुलगी लग्न होऊन बारा वर्षं सासरी नांदत होती, तिचं नाव नव्हतं. चार महिने मी ही ओळ वाचत होते आणि मला काही खटकलं नव्हतं. तीन भाऊ, तीन नावं, हिशेब बरोबर. जे लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच मी तपासत होते. कोण राहिलंय, हा प्रश्न माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. पुण्यात दिवाणी दावे चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी पत्रक पाहिलं, १९५८ चं खरेदीखत पाहिलं आणि विचारलं, "जागा वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतली?" खरेदीखतात तसं स्वच्छ होतं. रुपये ३,२००, रोख पावले, चतुःसीमा अमुक. वडील पोस्टात नोकरीला होते. "मृत्युपत्र?" नव्हतं. मग त्यांनी समोरच्या पॅडवर पाच रेघा मारल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की मुलींना हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, करणारी. पण वडिलांनी स्वतः कमावलेली जागा असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ पासून आहे. त्यातल्या आठव्या कलमानं मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलगा, मुलगी, विधवा बायको, आई, सगळ्यांना सारखा वाटा. लग्न झालं असो वा नसो. म्हणजे १९८३ साली अण्णांचे वडील गेले त्या क्षणी घराचे पाच सारखे वाटे झाले: आई, तीन मुलगे, एक मुलगी. १९९६ ला आई गेल्या. त्यांचा पाचवा हिस्सा चारही मुलांत वाटला गेला. एक पंचमांश अधिक एक विसांश. वकीलबाईंनी पॅड माझ्याकडे वळवलं. खाली लिहिलं होतं: १/४.

घराचा चौथा हिस्सा, सदतीस चौरस मीटर, जिच्या मालकीचा होता तिचं नाव छत्तीस वर्षं फक्त हंड्यावर होतं.

"मग तीस वर्षांच्या शोधात हे आलं कसं नाही?" मी विचारलं. तर एक म्हणजे १९८३ तीस वर्षांच्या पलीकडे पडतं. आणि पन्नास वर्षांचा शोध घेतला असता तरी आलं नसतं. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात नोंदलेले दस्त सापडतात. खरेदी, गहाण, बक्षीस, हक्कसोड. इथं दस्त झालाच नव्हता. एका अर्जावर तीन नावं लिहिली गेली आणि चौथं लिहिलं गेलं नाही. न लिहिलेल्या नावाचा इंडेक्स नसतो. घर घेणाऱ्या प्रत्येकाला मला हे हात धरून सांगावंसं वाटतं. सर्च रिपोर्ट झालेल्या गोष्टींचा असतो. तो हवाच. पण त्याच्या जोडीला त्या घराची वंशावळ मागा, आणि ती मागताना विचारा की बहिणी किती, त्या कुठं आहेत, आई कधी गेल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत असतं. जाहीर नोटीसही आम्ही दिली होती. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी, हरकतीला पंधरा दिवस. ज्या बाईला आपला हक्क आहे हेच माहीत नाही, ती हरकत कशाची घेणार?

आणि महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे, हेही तेव्हाच नीट समजलं. नोंद कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. ती बरोबर आहे असं गृहीत धरलं जातं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नाव गाळल्यानं हक्क जात नाही. उरलेले हिस्सेदार घरात राहतात ते गाळलेल्या हिस्सेदाराच्या वतीनंही राहतात असंच कायदा धरून चालतो, त्यामुळे 'इतकी वर्षं झाली, आता काय' हे सहजासहजी चालत नाही. आम्ही घर घेतलं असतं, कौलं बदलली असती, आडाला जाळी बसवली असती, आणि एखाद्या दिवशी आत्यांच्या नातवानं वाटपाचा दावा लावला असता तर आम्हाला तीन चतुर्थांश घराचे मालक म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं असतं.

अण्णांना फोन ह्यांनी केला. अण्णा आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "आक्काचं लग्न आम्ही केलं की हो. वडिलांनी पीएफमधून कर्ज काढलं होतं. ती काय मागणार न्हाई." पुढं म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर सही आणतो. दोन दिवसांत आणतो."

व्यवहार जुळवणाऱ्या एजंटानंही तेच सांगितलं. दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर बहिणीकडून भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून घ्या, नोंदवा, विषय संपला. कायद्यानं त्यात काही वावगं नव्हतं. आमच्यासाठी तर ते सर्वांत सोपं होतं. कागद स्वच्छ, किंमत तीच, महिन्याभरात खरेदी.

त्या रात्री मी कपाटातली माझी स्वतःची एक फाईल काढली.

२००४ साली मीही अशी सही केली आहे. वडील गेल्यानंतर वर्षभरानं दोघे भाऊ मला घ्यायला पुण्याला आले. गावी गेलो, निबंधक कार्यालयात दुपारी नंबर लागला, अंगठे दिले, सही केली. त्या दिवशी वहिनीनं पुरणपोळ्या केल्या होत्या आणि निघताना मोरपंखी रंगाची साडी दिली. ती साडी मी हौसेनं नेसले. त्या दिवसाबद्दल माझ्या मनात आजही कडवटपणा नाही, भावांनी मला कधी अंतर दिलेलं नाही. पण तो कागद मी वाचला नव्हता. पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच्या घराच्या निमित्तानं, मी तो पहिल्यांदा वाचला. 'माझा अविभक्त हिस्सा तुमचे लाभात विनामोबदला कायमचा सोडून दिला आहे. यापुढे सदर मिळकतीत माझा अगर माझे वालीवारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.' आणि शेवटी, 'सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाचेही दडपणाखाली न येता लिहून दिले असे.'

राजीखुशी होती. दडपण कुणी आणलं नाही, ते खरंच आहे. अक्कलहुशारीनं मात्र नव्हतं. मला माझा हिस्सा किती, कशात, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माहेर दुखावलं असतं असं मला वाटलं. बहिणीनं हक्क सोडायचा आणि माहेर राखायचं, हा सौदा आमच्या घरात कुणी शब्दांत मांडला नव्हता. तरी तो मला नीट ठाऊक होता. वालीवारस म्हणजे माझी मुलगी. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचाही हक्क मी त्या दुपारी सोडून आले होते.

कायद्यालाही हा सौदा फार काळ मान्य होता, हे वकीलबाईंनी दाखवलं तेव्हा मी चकित झाले. १९५६ च्या कायद्यात तेविसावं कलम होतं. राहत्या घरात मुलीला हिस्सा आहे, पण पुरुष वारस आपले वाटे पाडायला तयार होत नाहीत तोवर तिला वाटप मागता येणार नाही. घरात राहायचा हक्क मुलींपैकी फक्त अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळं झालेल्या मुलीला. नांदत्या मुलीला हिस्सा कागदावर आणि उंबरा बाहेरून. हे कलम २००५ साली गेलं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, हे शाळेत वाचलं होतं. त्या रखडण्याचा आमच्या स्वयंपाकघरांशी काय संबंध होता, ते मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

मी ह्यांना म्हटलं, सही घ्यायच्या आधी मला आक्कांना भेटायचंय. हे म्हणाले, घर हातचं जाईल. जाऊ दे म्हटलं. घर जाण्याची भीती मला होती, खोटं कशाला सांगू. त्या माजघरात मी माझी शिलाई मशीन कुठं ठेवायची तेसुद्धा ठरवलं होतं.

आक्का कराडपासून आठ-दहा किलोमीटरवर राहतात. वय तेव्हा अडुसष्ट. बरोबर अण्णा आले होते, ते मला बरं वाटलं. आक्कांनी पोहे केले, भावाच्या ताटलीत खोबरं जरा जास्तच घातलं. अण्णांनी खाली बघत सगळं सांगितलं. आक्का ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं नाव लावलंच नव्हतं?"

"न्हाई."

"आईचंबी न्हाई?"

"न्हाई."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आक्का उठून पाण्याचा तांब्या भरून आल्या. मला म्हणाल्या, "दादा, आमचे वडील, गेले तेव्हा मी सहा महिने तिथंच होते. आईला धरून बसायला कुणी नव्हतं. तेव्हाच अर्ज केला असंल यांनी. मी चहा केला असंल त्या कारकुनाला." आवाज अजिबात चढला नव्हता.

त्यांचा हिस्सा किती हे मी सांगितलं. छत्तीस लाखांतले नऊ. ते सांगायचं काम माझं नव्हतं, अण्णांच्या चेहऱ्यावर तसं दिसलंही. पण सांगितल्याशिवाय मला तिथून उठता आलं नसतं. आणि मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही सोडलात तरी कायद्यानं चालतं, घेतलात तरी चालतं. घाई नाही. आम्ही थांबतो.

पंधरा दिवसांनी आक्कांच्या मुलाचा फोन आला. आई हक्कसोड करणार नाही, खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करेल, आणि त्याआधी तिचं नाव पत्रकावर लागलं पाहिजे.

व्यवहाराच्या दृष्टीनं या शेवटच्या अटीची गरज होती का, यावर वकीलबाईंचं आणि एजंटाचं वाजलं. मला ती अट पटली. मग अर्ज, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, भावांचे संमतीचे जबाब, नोटिसा. यात सगळा पावसाळा गेला. दरम्यान दिवाळी आली. भाऊबीजेला आक्का दरवर्षी माहेरी यायच्या. त्या वर्षी कुणी बोलावलं नाही आणि त्या गेल्या नाहीत. हे मला सूनबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मी पुण्यात माझ्या भावांना ओवाळत होते आणि माझं लक्ष ताटात नव्हतं. एका कुटुंबाची भाऊबीज आपल्यामुळे मोडली हे ओझं मी अजून उतरवू शकलेले नाही. हिस्सा मागितल्यावर तुटतं ते माहेर किती पक्कं होतं, असं लोक म्हणतात. म्हणायला सोपं आहे. आक्कांसाठी ते एकच माहेर होतं.

नोव्हेंबरमध्ये नोंद झाली. जानेवारी २०२० मध्ये आम्ही सगळे दुय्यम निबंधकांकडे जमलो. लिहून देणार क्रमांक एक म्हणून आक्कांचं नाव होतं, वयानं थोरल्या म्हणून. दस्त सतरा पानांचा. आक्कांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मागं रांग होती, एजंट घड्याळ बघत होता. धाकटा भाऊ म्हणाला, "आक्का, वकिलांनी वाचलंय सगळं." आक्कांनी मान वर न करता बोटानं ओळ धरून ठेवली. चतुःसीमेपाशी त्या थांबल्या. पश्चिमेस ज्यांचं घर लिहिलं होतं त्या मालकांचं नाव त्यांच्या लहानपणीच्या शेजाऱ्यांचं होतं. ते वाचून त्या अण्णांकडे बघून काहीतरी बोलल्या, आणि अण्णांनी मान डोलावली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. त्या दोघांनी एकमेकांशी बोललेलं मी त्या दिवशी तेवढंच पाहिलं.

ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असोत वा नसोत, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं आहे. टाळेबंदीत, त्या माजघरात बसून मी ती बातमी वाचली. आक्कांच्या घराला त्याचा संबंध नव्हता, तिथं हक्क आधीच होता. माझी सही तर कधीच होऊन गेलेली.

माझ्या माहेरच्या जमिनीचा सातबारा मी अधूनमधून मोबाईलवर उघडून बघते. माझं नाव तिथं आहे. वारसनोंदीनं लागलं आणि हक्कसोडीनंतर कंसात गेलं. आपल्याकडे ज्याचा हक्क संपला त्याचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. ते वाचता येतं, पण मोजलं जात नाही.

आमच्या घराच्या पत्रकावरही फेब्रुवारीत आमची नावं लागली आणि अण्णांसह सगळ्यांच्या नावांना कंस पडला. आक्कांचं नाव छत्तीस वर्षांनी लागलं होतं, ते तीन महिने कंसाबाहेर राहिलं. खरेदीखताच्या दिवशी निघताना आक्कांनी मला बाजूला घेतलं होतं. त्यांना पैशांबद्दल विचारायचं असेल असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "माझं नाव असलेल्या त्या कागदाची नक्कल मिळंल का? तुमचं नाव लागायच्या आधीची?"

मिळते. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि नक्कल घेऊन कराडला गेले. हंडाही बरोबर नेला, ह्यांनी चिंचेनं घासून लखलखीत केला होता. आक्कांनी हंडा बघितला, हसल्या आणि सुनेच्या हातात दिला. मग कागद घेऊन दारात उजेडाला गेल्या. तक्त्यावरून बोट खाली खाली नेत त्या आपल्या नावावर थांबल्या.

"आणि ही आई?" वरच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"हो," म्हटलं, "आधी आईंचं लागलं. मग त्यांच्यामागं तुमच्या चौघांचं."

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. तसाच सरळ धरून आत नेला.